पाचशेच्या आत

दिव्याने सात नंबरच्या बसच्या पायरीवर पाय ठेवला, आणि तिचं तोंड बघूनच सावळारामने ओळखलं, पहिला सेट गेला.

"सहा-चार, काका," ती हळूच म्हणाली.

"गेला तर गेला. तीनातला एक गेलाय. तू हितं पुढं बस, आन् आकडे वाचत राहा. आवाज खणखणीत काढ."

रहाटणीतून दुपारी सव्वा वाजता निघायचं आणि पावणेतीनच्या आत चाकणला कंपनीच्या गेटात गाडी लावायची, हा सावळारामचा अकरा वर्षांचा नेम. ड्रायव्हरने मोबाइल बंद करून कप्प्यात टाकायचा, हा कंपनीचा नेम. म्हणून क्वालिटी डिपार्टमेंटमधल्या दिव्याच्या फोनवर आज त्याचा जीव टांगलेला. त्याचा मुलगा गणराज तिकडे इजिप्तमध्ये टेनिसची सेमीफायनल खेळत होता. डिसेंबरचा दुसरा आठवडा, हंगामातली त्याची शेवटची स्पर्धा.

सावळाराम पूर्वी देहूरोडला लष्करी साहेबांच्या क्लबात गाडीवर होता. साहेब खेळून गेले की सात वर्षांचा गणराज तिथल्या भिंतीवर चेंडू बडवायचा. त्या भिंतीने कधी चेंडू ठेवून घेतला नाही. जेवढ्या जोराने दिला, तेवढ्याच जोराने परत केला. भिंतीशी भांडत भांडत पोर मोठं झालं, परदेशी गेलं, आणि आज जगात पाचशे चारावं होतं.

मागे या पाचशे चारचे पेढे सावळारामने बसमध्ये वाटले, तेव्हा मेंटेनन्समधले अर्जुनराव म्हणाले होते, "आमचा प्रज्वल वर्गात अकरावा आला तर मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. अन् तुमी पाचशे चारचे पेढे वाटायलाव!"

"प्रज्वलच्या वर्गात पोरं किती?"

"चाळीस."

"माझ्या पोराच्या वर्गात अख्खं जग हाय, अर्जुनराव."

अर्जुनरावांनी दुसरा पेढा मुकाट उचलला होता.

पण एक गोष्ट सावळारामने बसमध्ये कुणाला सांगितली नव्हती. दिवाळीत गणराजचा फोन आला होता. "आबा, वर्ष संपायच्या आत पाचशेच्या आत नाही आलो, तर रॅकेट ठेवून देतो. तुमच्याच कंपनीत अर्ज करतो." सावळाराम म्हणाला होता, "कर की. कंपनी काय वाईट न्हाई." आणि त्या दिवशी त्याने मोशीपर्यंत गाडी सेकंड गिअरमध्येच आणली होती.

नाशिक फाटा मागे पडला. रस्ता मोकळा होता, गाडी झुळझुळ चालली होती, आणि गणराज गेममागून गेम हरत होता.

"झिरो-दोन, काका."

"जिंकला तर फायनल, मग नंबर कुठं जातो?" अर्जुनरावांनी मागून विचारलं.

"पाचशेच्या आत."

"आन् हरला तर हाय तिथंच ना?"

"न्हाई ना! डिसेंबरात आपली पीएलची रजा लॅप्स होती का न्हाई? तसंच हाय ते. मागल्या साली ह्याच आठवड्यात कमावलेले पॉइंट सोमवारी लॅप्स. नवे भरले न्हाईत तर पोरगं घसरलं साडेपाचशेवर."

लॅप्सचं दुःख चाळीसही जणांना आतून ठाऊक होतं. बसमध्ये हळहळ पसरली.

मोशीला ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली. पुढे ट्रेलर, मागे कांद्याचे टेम्पो. गाडी जागची हलेना, आणि गणराजने ओळीने चार गेम घेतले. गाडी दहा फूट सरकली, एक गेम गेला. परत थांबली, परत आला. इंद्रायणीच्या पुलावर गाडी मुंगीसारखी रांगत होती तेव्हा दुसरा सेट गणराजचा झाला.

अर्जुनराव उठून पुढे आले. तीस वर्षं मशिनचे बिघाड शोधणारा माणूस. "दिव्या, लिहून काढ. गाडी उभी असताना किती, चालू असताना किती."

दिव्याच्या पर्समध्ये वही होतीच. तिने दोन रकाने पाडले, दुसऱ्या सेटच्या एकेका गेमची वेळ आठवून खुणा केल्या, त्या मोजल्या आणि तिचे डोळे विस्फारले. "उभी असताना पाचपैकी पाच गेम जिंकलाय. चालू असताना चारपैकी एक."

"बघा! हा योगायोग नाही. हे रूट कॉज हाय!"

"अर्जुनराव, गाडी चाकणात आन् पोरगं इजिप्तात," सावळाराम म्हणाला. पण त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप सैल झाला होता.

"डेटा हाय, राव. डेटाला इजिप्त काय अन् चाकण काय!"

तिसरा सेट चार-चार झाला, घड्याळात दोन छत्तीस झाले, आणि चिंबळी फाट्याला नको ते घडलं. ट्रॅफिक सुटलं. अकरा वर्षांत असा रस्ता सावळारामने पाहिला नव्हता. चाकणपर्यंत कुणी झाडून ठेवल्यासारखा लख्ख. मागचे हॉर्न वाजू लागले.

सावळारामने गाडी डाव्या अंगाला घेतली, इंडिकेटर लावले आणि इंजिन बंद केलं.

हे साधं नव्हतं. कंपनीच्या बावीस गाड्यांचा वेळेचा फळा टाइम ऑफिसबाहेर लागायचा. त्यावर सात नंबर वर्षभर पहिली, आणि तिच्या मागेच समाधानची दोन नंबर. एक लेटमार्क लागला की पहिला नंबर गेला, आणि एक जानेवारीला स्टेजवरची शाल समाधानच्या खांद्यावर. तेवढ्यात समाधानची गाडी शेजारी येऊन थांबलीच.

"काय सावळाराम, बिघाड?"

"न्हाई रं."

"मग?"

"पोरगं खेळतंय."

समाधानने बंद गाडीकडे, इंडिकेटरकडे आणि श्वास रोखून बसलेल्या चाळीस माणसांकडे पाहिलं. त्याला काही उमगलं नाही, पण फळा आठवला. "खेळू दे, खेळू दे," म्हणत त्याने जी गाडी सोडली ती धुरळ्यातच दिसेनाशी झाली.

"पाच-चार! आपला!" दिव्या ओरडली.

बसमध्ये आता कुणी हलत नव्हतं. एकाने पाण्याची बाटली उघडली तर गणराजचा पॉइंट गेला; तेव्हापासून बाटल्याही बंद. अर्जुनराव एक पाय पायरीवर ठेवून उभे होते, त्यांना तसंच उभं राहायला सांगण्यात आलं. एक ट्रॅफिक हवालदार काठी वाजवत आला. त्याला वही दाखवली. त्याने ती नीट वाचली, आणि "हात बांधून उभा राहिलो तर चालंल ना?" असं विचारून तोही दारापाशी थांबला.

पाच-पाच. सहा-पाच. सहा-सहा. टायब्रेक, म्हणजे दोनच्या आघाडीने आधी सात पॉइंट घेईल त्याची मॅच. दोन पन्नास.

"काका, तीनला शिफ्ट आहे," दिव्या पुटपुटली. "सगळ्यांना हाफ डे लागेल."

"लागू द्या!" मागून कुणी तरी गरजलं. "आपल्या गाडीतलं पोर हाय!"

आपल्या गाडीतलं! हे पोर या गाडीत कधी बसलंही नव्हतं. त्याने आरशात चाळीस तोंडं पाहिली. डबे मांडीवर घेऊन, पाय अवघडून, त्याच्या लेकासाठी दगड झालेली माणसं. आणि दिव्या म्हणाली, "टायब्रेकात पाच-पाच."

सावळारामने चावी फिरवली.

"अहो, काय करायलाव! दोन पॉइंट राहिलेत!" अर्जुनराव पायरीवरून ओरडले.

"ऱ्हाऊ द्या. त्यो तिकडं उन्हात पळतोय, आन् त्याच्या वाट्याचं मी ब्रेकवर पाय ठिवून जिंकू व्हय? त्याच्या हाताची कमाई हाय. त्याची त्याला करू द्या. आपल्या कामाला आपण जाऊ."

इंजिन घरघरलं. दिव्याने फोन उलटा करून मांडीवर दाबला आणि डोळे मिटले. पुढची पंधरा मिनिटं त्या गाडीत फक्त खिडक्या वाजत होत्या.

तीन वाजून सात मिनिटांनी सात नंबर गेटात शिरली. समाधान आपल्या गाडीला टेकून चहा पीत होता. सावळारामने कप्प्यातला मोबाइल काढून चालू केला, तसा तो हातातच थरथरला.

"आबा, कुठं आहात? चार वेळा फोन केला!"

"गाडीवर हुतो. बोल."

"जिंकलो. टायब्रेकला सात-पाच."

चाळीस जणांनी केलेला आरडाओरडा शॉपफ्लोअरपर्यंत गेला. सावळारामने दुसरा कान हाताने झाकला. "आत्ता संपली व्हय?"

"छे, दोन तेहतीसलाच. आंघोळ झाली, जेवायला बसलोय."

सावळाराम दिव्याकडे वळला. दिव्याने फोन सुलटा केला, ॲपच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं वाचलं आणि जीभ चावली. "काका, हे फुकटचं ॲप आहे. वीस मिनिटं मागून दाखवतं."

म्हणजे दोन छत्तीसला चिंबळी फाट्यावर बाटल्या बंद करून चाळीस माणसं आणि एक हवालदार दगड झाले, तेव्हा गणराज अंगाला साबण लावत होता.

अर्जुनरावांनी वही हिसकावली. गेटातच उभं राहून त्यांनी सगळ्या खुणा वीस मिनिटं मागे ढकलल्या, आणि चष्म्यावरून हळूच वर पाहिलं. "सावळाराम, उलटं निघालं. गाडी चालू असतानाच पोरगं जिंकलंय! उद्याच्या फायनलला गाडी थांबवायची नाही."

"उद्या रविवार, अर्जुनराव. जावा आता, पंच करा."

अशा गोष्टींवर सावळारामचा काडीचा विश्वास नव्हता. फक्त रविवारी दुपारी त्याला आपलं वाटलं की कुशाबाईला जरा फिरवून आणावं. बायकोला स्कूटरवर मागे बसवून तो सिग्नल नसलेल्या रस्त्यांनी देहूरोडच्या बाजूला दोन तास गोल गोल फिरला. "अहो, पाणी तरी पिऊ," म्हणून ती तीनदा कळवळली. स्कूटर एकदाही थांबली नाही, आणि गणराज फायनल दोन सेटमध्ये हरला. फायनलपर्यंतचे पॉइंट मात्र त्याचे झाले होते. ते कुणी काढून घेणार नव्हतं.

सोमवारी शिफ्टच्या आधी टाइम ऑफिसचे दादासाहेब फळ्यावर नवे आकडे लिहीत होते. पहिली दोन नंबर. समाधान कॉलर नीट करत उभा. दादासाहेबांनी सात नंबरचा आकडा पुसला, आणि सावळारामला येताना पाहून त्यांना जरा वाईटच वाटलं.

"वर्षभराची मेहनत गेली की हो. सावळाराम, आता नंबर कितवा?"

सावळारामने टोपी काढली, केसांवरून हात फिरवला आणि सगळ्या ड्रायव्हरांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चारशे सत्त्याण्णव."

"अहो, गाड्या बावीस आहेत!"

"आता तुमचा फळाच ल्हान हाय, दादासाहेब," सावळाराम म्हणाला, "त्याला मी काय करू?"