चांदणीवरचा आळ

तेरच्या धोंडीबांचा ताप काही केल्या हटेना. सकाळी उतरायचा, तिन्हीसांजेला पुन्हा चढायचा. शेवटी धाराशिवच्या डॉक्टरांनी रक्त तपासून ब्रुसेलोसिस झाल्याचं सांगितलं. शेळीच्या कच्च्या दुधातून याचे जंतू माणसात येतात म्हणे, आणि रोगी शेळी गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो. मग त्यांनी विचारलं, कच्चं दूध कुणाकडचं पिता?

धोंडीबांनी हळूच बायकोकडे पाहिलं. विठाबाई शेजारीच बसली होती आणि ती दुधाला दोनदा उकळी आणणारी बाई. धारोष्ण दूध ते चोरून प्यायचे धाकट्या भावाकडे, गिरिजाबाईच्या गोठ्यात. काही वर्षांपूर्वी बांधावरच्या चिंचेवरून भांडण झाल्यापासून विठाबाई या जावेचं नावसुद्धा घरात घेऊ देत नसे.

"आमच्याच चांदणीचं," धोंडीबा म्हणाले. "हिचा डोळा चुकवून."

चांदणी म्हणजे विठाबाईची काळीभोर उस्मानाबादी शेळी. घरात तिचा मान धोंडीबांच्या वरचा. डॉक्टर म्हणाले, तिलाही तपासा, रोग निघाला तर घरात ठेवता यायची नाही.

"माज्या लेकरावर आळ घेता व्हय?" विठाबाई म्हणाली. तिनं चांदणीला नवा टॉवेल पांघरला आणि रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात नेलं. रिक्षात जागा उरली नाही म्हणून धोंडीबा तापातच मागून चालत गेले. रक्त चांदणीचं काढलं, भोवळ विठाबाईला आली. शुद्धीवर येताच तिनं नवस बोलला, शेळी निर्दोष सुटली तर हलगी लावून गावातून मिरवीन.

गावानं चांदणीची बाजू घेतली. बायका चांदणीला धीर द्यायला येऊ लागल्या. धोंडीबा मात्र आपलं खोटं उघडं पडू नये म्हणून अंथरुणात पडून देवीकडे शेळीला रोग मागत होते, आणि मागताना त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. त्यांचाही तिच्यावर जीव होता.

तपासणीत चांदणी साफ निघाली. गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला गुलाल, पुढं हलगी आणि दावं धरायला घोंगडी पांघरलेले धोंडीबा, अशी मिरवणूक निघाली. विठाबाईनं ती मुद्दाम जावेच्या गल्लीत वळवली. जळू दे जरा, असा तिचा विचार.

गिरिजाबाई दारातच उभी होती.

"भावजी, दूध प्यायला येयाचं सोडलं का?" ती म्हणाली. "आमची शेळी गाभडली बगा काल."

हलगी थांबली. विठाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. मग जावेला म्हणाली, "उद्याच्याला तुजी शेळी तपासून आणू. म्या येती संगं." इतक्या वर्षांनी दोघी बोलल्या, आणि गिरिजाबाईनं डोळ्याला पदर लावला.

आपण सुटलो, असं धोंडीबांना वाटलं. तोवर विठाबाईनं चांदणीच्या गळ्यातला हार आणि दावं, दोन्ही काढून घेतलं.

"वाजीव रं," ती हलगीवाल्याला म्हणाली. "आता ह्यास्नी मिरवायचंय."

मिरवणूक परतली तेव्हा दावं विठाबाईच्या हातात होतं. चांदणी मोकळीच चालत होती आणि अधूनमधून धोंडीबांच्या गळ्यातला झेंडू ओढून खात होती.