मानोरा हँग झाला

आमच्या कॉलेजच्या लॅबमधला चौथा कॉम्प्युटर म्हणजे मानोरा. खिडकीजवळचा अनसिंग, दाराजवळचा कारंजा आणि सरांच्या टेबलावरचा, अर्थातच, जिल्ह्याचं गाव वाशीम. हे बारसं आमच्या वर्गातल्या कांतामावशीनं केलं. प्रत्येक कॉम्प्युटरला आयपी ॲड्रेस असतो, म्हणजे लांबलचक आकडे असतात, असं सरांनी शिकवलं. दुसऱ्याच दिवशी मावशीनं भाताच्या शितांनी सगळ्या मॉनिटरांवर गावांच्या चिठ्ठ्या डकवल्या. “आकड्यानं कोनी हाक मारते का बाप्पा?” एवढंच तिचं म्हणणं.

महिन्याभरात आम्हीही बिघडलो. “सर, मानोरा हँग झाला,” असं कोणी ओरडलं तरी हसू येईनासं झालं. “कारंज्याले व्हायरस लागला,” हे ऐकून मात्र कारंज्याहून अपडाऊन करणारे शिपाईकाका घरी फोन करायला धावले होते.

मावशी पन्नाशी ओलांडलेली. गावात तिची खानावळ. सकाळचा स्वयंपाक आटोपून ती बीएस्सी इंटरनेट कॉम्प्युटिंगच्या वर्गात पहिल्या बाकावर, माझ्या शेजारी बसायची. तिच्यामुळे आमच्या कीबोर्डला लसणाचा वास यायचा. सरांना ती ‘बाबू’ म्हणे. “बाबू, हळू शिकव. तुही गाडी सुटून नाही राह्यली.” सर बिचारे हळू शिकवत.

या वयात हा खटाटोप काहून, असं मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. तिचा मुलगा वैभव पुण्याला नेटवर्कच्या नोकरीत आहे. रविवारी त्याचा फोन येई. जेवली का, गोळी घेतली का, ठेवतो. तू नेमकं काय काम करतं रे, असं तिनं विचारलं की तो म्हणे, “आई, तुले नाही समजत ते.”

“नाही समजत म्हंते,” मावशी म्हणाली. “मंग शिकतो ना मी.” पास झाल्याशिवाय पोराला हा प्रश्न पुन्हा विचारायचा नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

शेवटच्या वर्षाचं प्रॅक्टिकल आलं. बाहेरगावचे परीक्षक, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. त्यांनी मावशीला सांगितलं, अनसिंगहून कारंज्याला सर्वांत जवळच्या मार्गानं निरोप पाठवा. दोन्ही यंत्रांमध्ये सरळ वायर होती. मावशीनं निरोप वाशीमवरून फिरवून पाठवला.

“बाई, ही थेट वायर दिसत नाही का?”

“दिसते ना सर. पन अनसिंगहून कारंज्याले थेट गाडी कुठं हाये? वाशीमले बदलाच लागते.”

आम्ही तोंडात रुमाल कोंबले. परीक्षकांनी दोन्ही चिठ्ठ्या खरवडून काढल्या आणि म्हणाले, “आता करा.” मावशीच्या कपाळावर घाम आला. पोराचा चेहरा तिला दिसत असणार, दुसरं काय. गावाचं नाव गेल्यावर मात्र तिनं मुकाट्यानं आकडे टाकले आणि निरोप सरळ गेला. परीक्षक पहिल्यांदा हसले.

निकाल लागला, मावशी पास झाली. तिनं कॉरिडॉरमध्येच वैभवला फोन लावला. “मी नेटवर्कात पास झाली. आता सांग, काय काम करतं तू?”

पलीकडे तो आधी हसला, मग बोलू लागला आणि थांबेचना. सर्व्हर, शिफ्ट, खेकसणारा साहेब. मावशी भिंतीला टेकून हूं, हूं करत राहिली. मधली सुट्टी संपली तरी तिचा फोन चालूच होता.

“समजलं का मावशी?” मी विचारलं.

“अर्धंमुर्धं.” तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. “पोरगं लय एकटं पडलं माय. बोलायलेच कोनी नाही त्याले तिथं.”

मीच डोळे पुसत होते.

मावशीनं चष्मा चढवला. “याच्या पुढचं काय असते वं? एमएस्सी ना? चाल, नाव टाकून येऊ. मी शिकत राह्यली तं तो सांगत राह्यीन.”