नकाशा कार्यालयातली टेकडी

जिल्हा नकाशा कार्यालयात फेब्रुवारीत एक टेकडी बदलीवर रुजू झाली. तिला बसवायला मागची भिंत काढावी लागली, पण तसा आदेश आधीच आला होता. कामाला ती चोख होती. चढउतारांच्या रेषा तिच्याइतक्या सफाईने कुणालाच काढता येत नसत.

अडचण वेगळीच होती. शेजारच्या टेबलावरचे कारकून डंबळ तिला म्हणाले, "चहा सांगू का?" तर टेकडी म्हणाली, "सांगू का?" डंबळांनी पुन्हा तिला चहा विचारला नाही. मग बैठकीत मोकाशी साहेब कडक आवाजात म्हणाले, "हे चालणार नाही." त्यावर मागून, "चालणार नाही... नाही..."

साहेबांनी अधीक्षक वैजयंतीबाई ठिगळे यांना आत बोलावलं. "ही टिंगल आहे. त्यांना समज द्या. नाहीतर परत पाठवू."

वैजयंतीबाईंनी आजवर कुणालाच समज दिली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत त्या डबा घेऊन टेकडीवर थोडं चढल्या आणि सपाट दगड बघून बसल्या.

"तुम्ही सगळ्यांची नक्कल का करता?"

"नक्कल का करता?" टेकडी म्हणाली. मग जरा थांबून स्वतःच्या आवाजात बोलली. "नक्कल नाही हो. आमच्याकडे कुणी बोललं की त्याचं बोलणं त्याला परत देतात. ऐकलं, असं कळवायला. गप्प राहिलं तर समोरच्याचा अपमान होतो."

"असं होय."

"असं होय. इथे मी रोज सकाळी नमस्कार म्हणते. कुणी परत देत नाही."

"अहो, सगळे मान हलवतात की."

"हलवतात की. ते मला वरून दिसत नाही. मला वाटलं, तुम्ही मला आपलं मानलंच नाही. मी परत जायचं ठरवलंय."

वैजयंतीबाईंचा घास हातातच राहिला. त्या हळूच म्हणाल्या, "ठरवलंय."

टेकडीवरचं सगळं गवत एकदम सैल पडलं. सुट्टी संपल्यावर वैजयंतीबाई साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेबांनी हे सगळं लक्ष देऊन ऐकून घेतलं. "म्हणजे बैठकीत मी बोललो, ते त्यांनी ऐकलं होतं?"

"शब्दन्‌शब्द, सर."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "या ऑफिसात कुणी ऐकतं, असं मला वाटलं नव्हतं," ते म्हणाले. परत पाठवण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी टेकडी म्हणाली, "नमस्कार, डंबळ." डंबळ बुटांकडे बघत पुटपुटले, "नमस्कार, डंबळ." स्वतःलाच नमस्कार केल्यासारखं वाटून ते ओशाळले, पण टेकडीला तो पोचला. कुणी फोनवर असेल तेव्हा आपण गप्प राहायचं, हे तिनेही मान्य केलं, कारण पलीकडची माणसं गोंधळायची. डंबळ तिच्यासाठी चहा सांगू लागले. तो ती पायथ्याशी ओतून घेई.

मार्चअखेरची कामं उरकली त्या संध्याकाळी सगळे निघून गेले होते. वैजयंतीबाई कपाटाला कुलूप लावून खुर्चीत बसल्या आणि आपल्याशीच म्हणाल्या, "दमले बाई."

"दमले बाई," मागून शांतपणे आलं.

त्यांनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि आणखी थोडा वेळ तिथेच बसून राहिल्या.