सोनवेलीच्या लेपाची परीक्षा

श्रीवनदेवता प्रसन्न असो आणि सांगणाराचे जिभेस खोटे न शिवो. शके सोळाशे बहात्तर, प्रमोदनाम संवत्सरी, एका राज्यात राणीसाहेबांचे मुखावर वांग उठले आणि डाग गालभर पसरले, म्हणोन दोन वर्षे त्या दरबारी पडद्याआड बसत आणि कोणास मुख दाखवीत नसत. मग चिमाबाई वैद्यीण, मोठ्या खटपटी, यांनी डोंगरचे सोनवेलीचा रस तिळाचे तेलात घालोन लेप सिद्ध केला. बाईंचा वेलीवर भरवसा थोर, परंतु धन्याचे मुखाशी खेळ नको, आधी परीक्षा, ऐसे मनी धरोन त्यांनी बारा दरबारियांचे मनगटास लेप लावविला आणि आठा दिवसांनी पुसिले, तो बाराही जण एकमुखे "उत्तम" बोलिले. कां की, हुजुरातून आलेल्या वस्तूस नाव ठेवणे ही तेथे बेअदबी. विसाजीपंत फडणीस, वय साठ, यांनी तर आपले मनगट सोळा वर्षांचे जाहले ऐसे सांगितले. मग उद्याच मुखास लेप लावावा ऐसा हुकूम जाहला.

परंतु बाईंनी पाहिले की ऐन वैशाखात बारांतील कित्येकांच्या बाह्या घट्ट बांधलेल्या, आणि पंत हात पाठीमागे नेऊन खाजवीत आहेत. वैद्यकी गेली तरी जावो, ऐसे म्हणोन बाईंनी भर दरबारी पडद्याजवळ जाऊन लेप थांबवावा ऐसी विनंती केली. तेव्हा पडद्यातून एक हात बाहेर आला, मनगट लालभडक. राणीसाहेबांनी कोणास न कळविता स्वतःही लेप लाविला होता.

"पंत, आम्हांस खाज सुटते. तुम्हांस नाही?"

पंतांनी बाही वर सारली आणि मग सर्वांच्या बाह्या वर गेल्या. सात हात लाल, पाच निर्मळ. बाईंनी एकेकास खोदून पुसिले, तो लाल हातांचे सारे उन्हात हिंडणारे, निर्मळ हातांचे कचेरीत बसणारे, आणि राणीसाहेबही रोज सकाळी गच्चीवर उभ्या राहत. मग बाईंनी रस निम्मा केला, लेप दिवे लागल्यावर लावावा आणि उजाडण्यापूर्वी धुवावा ऐसे ठरविले, आणि पुन्हा बारा हात, आता आठा दिवसांऐवजी महिना, आणि यावेळी तक्रार लपवील त्यास दंड. एकही हात लाल जाहला नाही. मग कानामागे लावोन पाहिले, आणि मग मुखास.

आश्विनमासी डाग निम्मे उतरले, निम्मे राहिले. राणीसाहेबांनी पडदा काढविला आणि कैसे दिसते ऐसे पंतांस पुसिले. पंतांस घाम फुटला, तरी बोलिले,

"डाग आहेत, सरकार. पण कमी आहेत."

राणीसाहेब हसल्या, आणि दोन वर्षांनी दरबाराने ते हसू पाहिले, आणि चिमाबाईंनी पदराने डोळे पुसले.

एवंच सोनवेलीचा वृत्तांत. लेप लावोन उन्हात जाऊ नये, आणि खाज सुटल्यास खाज सुटली म्हणावे.