आप्पांचा क्लेम पास झाला

विम्यातलं आख्ख्या खुटबावात कुणाला कळत असेल तर ते आपल्यालाच, असं म्हस्कूआप्पांचं ठाम मत होतं. त्याला कारणही होतं. मागं त्यांच्या दोन मेंढ्या दगावल्या, तेव्हा कानातले बिल्ले, पंचांच्या सह्या आणि जनावरांच्या डॉक्टरचा दाखला घेऊन त्यांनी इतके हेलपाटे घातले, की साहेबानं कंटाळून भरपाई दिली.

म्हणून चैत्रात त्यांची बायको बानूबाई गेली, तेव्हा तेरावं उरकताच आप्पांनी दौंडला जाऊन स्वतःच्या फोनचा विमा काढला. दुःखानं म्हातारा भ्रमला, असं गाव म्हणालं. पण फोनमध्ये बानूबाईंची हाळी होती! गेल्या दिवाळीला सून हर्षदानं ती सहज गंमत म्हणून भरून घेतली होती. बानूबाई गेल्यावर मेंढरं संध्याकाळी बांधावरच उभी राहायची, काही केल्या वाड्याकडं हलायची नाहीत. शेवटी हर्षदानं फोनमधली हाळी लावली. "या गं बायांनो, घरला या," असा आवाज आला आणि सगळी धावत सुटली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आप्पा फोन उंच धरून उभे राहायचे. मेंढरांसाठी एकदा लावायचे आणि मेंढरं आत गेल्यावर पुन्हा एकदा, स्वतःसाठी.

"फोनचा इमा उतरवला म्हंजी आतलं समदं आलंच," ते सुनेला म्हणाले. गाभण मेंढी उतरवली की पोटातलंही धरतात, असा त्यांचा समज होता.

श्रावणात म्होरक्या मेंढीनं लाडानं त्यांच्या कोपराला ढुशी दिली आणि फोन हाळी देत देतच हौदात पडला. आवाज गेला तिकडं चार मेंढ्याही शिरल्या. त्यांच्या पायांतून फोन शोधायला आप्पा धोतरासकट आत उतरले. हाताला लागला तेव्हा तो गार पडला होता.

आप्पा डगमगले नाहीत. त्यांनी रीतसर पंचनामा केला. पाच जणांच्या सह्या घेतल्या. रंग काळा, बिल्ला नंबर म्हणून फोनच्या डब्यावरचा पंधरा आकडी नंबर. जनावरांच्या डॉक्टरनं आधी हसून घेतलं, मग आप्पांचं तोंड बघून मुकाट्यानं लिहून दिलं, पाण्यात बुडून मृत्यू. ही सगळी चळत त्यांनी फोनसह दौंडच्या दुकानात करिश्मा नावाच्या मुलीपुढं ठेवली. असा क्लेम तिनं जन्मात पाहिला नव्हता. तिनं फोन ठेवून घेतला आणि आठवड्यानं यायला सांगितलं.

आठवड्यानं आप्पा गेले तर तिनं नव्या फोनचा कोरा करकरीत डबा पुढं सरकवला. एकही हेलपाटा न घालता क्लेम पास! आप्पांनी फोन चालू करून कानाला लावला. आत काहीच नव्हतं.

"हिची हाळी कुठं हाय?"

बोर्डच जळालाय, आतलं आता कुणालाच काढता येणार नाही, करिश्मानं हळू आवाजात सांगितलं. शिवाय जुना फोन कंपनीकडं जाणार, तिथं तो फोडतात. तो न्यायला संध्याकाळी कंपनीची गाडी यायची होती. फोन अजून तिच्या मागच्या खोक्यात होता.

आप्पांनी डबा परत ढकलला. "पोरी, मग माझा क्लेम नामंजूर कर."

पास झालेला क्लेम असा फिरवता येत नाही, ती म्हणाली. मुद्दाम मोडलाय असं निघालं तरच. आयुष्यभर विम्याच्या साहेबांपुढं खरं बोलून भांडलेले म्हस्कूआप्पा टेबलावर वाकले.

"मीच टाकला हौदात. मुद्दाम टाकला. लिहून घे."

करिश्मानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि लिहून घेतलं. नामंजूरचा शिक्का मारताना तिचे डोळे भरले होते. आप्पांनी जुना फोन रुमालात गुंडाळून बंडीच्या खिशात ठेवला.

घरी आल्यावर आपण क्लेम कसा नामंजूर करून घेतला, हे त्यांनी हर्षदाला दोनदा ऐटीत सांगितलं. दिवस कलला तसे ते बांधाकडं गेले. मेलेला फोन उंच धरला. मेंढरं नुसती बघत राहिली.

मग इकडंतिकडं कुणी नाही असं बघून त्यांनी बायकोसारखा बारीक आवाज काढला. "या गं बायांनो, घरला या." आवाज मधेच फाटला. स्वतःचीच लाज वाटली. तरी म्होरक्या मेंढीनं मान वर केली. पण ती आप्पांकडं बघत नव्हती, त्यांच्या मागं बघत होती.

आप्पांनीही वळून पाहिलं. मागं हर्षदा तोंडाशी हात धरून सासूची हाळी घालायला उभी होती.