वाटाण्याएवढं मलम

माझ्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग आहेत. गेली सहा वर्षं ते तिथे सुखाने नांदत होते आणि माझीही काही तक्रार नव्हती. पण लेकीनं स्वतःचं लग्न स्वतःच जमवलं, होणारे व्याही रविवारी घरी येणार असं ठरलं, आणि सोमवारी दाढी करताना मला वाटलं, या तोंडानं त्यांच्यासमोर बसायचं?

बायकोच्या कपाटात वांगावरचं मलम होतं, तिच्या त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेलं. फक्त झोपताना, डागापुरतं, वाटाण्याएवढं. तिचे डाग तीन महिन्यांत फिके झाले होते. माझ्याकडे होते सहा दिवस. मी त्रैराशिक मांडलं (गोदामात मालाची मोजदाद माझ्याकडेच असते) आणि उत्तर निघालं: दिवसातून चार वेळा, बोटभर, सगळ्या तोंडाला. रोडावत चाललेली ट्यूब फुगीर दिसावी म्हणून मी तिच्यात फुंकरही मारून ठेवायचो.

बुधवारी गाल चुरचुरले. औषध लागू पडतंय म्हणून मी खूश. शुक्रवारी चेहरा लालबुंद झाला आणि शनिवारी सकाळी उकडलेल्या बटाट्यासारखी सालं सुटू लागली. बायकोनं माझ्याकडे एकदा पाहिलं, कपाट उघडलं, ट्यूब दाबली. आतून नुसता वारा आला.

ती मला तशीच डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरबाई म्हणाल्या, कातडी पोळली आहे, मलम बंद, साधं क्रीम लावा, उन्हात जाऊ नका आणि दोन दिवस तोंड फार हलवू नका. हे शेवटचं वाक्य बायकोनं त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

रविवारी व्याही आणि विहीणबाई मुलाला घेऊन आले. बायको चहा टाकायला आत गेली. मी हसून स्वागत करायला गेलो तर गाल तडतडले आणि हसू अर्ध्यावरच अडकलं. लाल चेहरा, आवळलेले ओठ. व्याही निवृत्त मुख्याध्यापक, पण तेही खुर्चीच्या कडेवर बसले.

"हे लग्न तुमच्या मनाप्रमाणेच होतंय ना?" त्यांनी जपून विचारलं.

"हूं," मी म्हणालो. (एवढंच बोलताना दुखत नव्हतं.)

"मनात राग असेल तर मोकळं बोला."

नेमकं तेव्हाच क्रीम डोळ्यात उतरलं आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. व्याही उठून उभे राहिले आणि मुलाला म्हणाले, एका बापाला असं रडवून आपल्याला सून नको. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा, काय झालंय ते सांगा," ती म्हणाली.

लेकीचं लग्न मोडण्यापेक्षा गाल फाटलेले बरे. मी सगळं सांगितलं, फुंकरीसकट. व्याही हळूच खाली बसले आणि रुमालात तोंड खुपसून बराच वेळ हलत राहिले.

विहीणबाईंनी मात्र माझी समजूत घातली. म्हणाल्या, "एवढा त्रास कशाला घेतलात? मुलगी आईवर गेलीय हे फोटोत बघूनच तर आम्ही होकार दिला."