आईची मोठी बहीण

माणसाचे केस ही त्याची खासगी मालमत्ता आहे असा समज सर्वत्र असला, तरी प्रत्यक्षात ती कुटुंबाची सामाईक मिळकत असते आणि तिच्या रंगात एकतर्फी बदल करण्याचा अधिकार कुणालाही नसतो. मोटार शिकवणाऱ्या बाईंना हे ठाऊक नव्हतं.

बाईंनी एक्कावन्नाव्या वर्षी केस रंगवणं थांबवलं. कारण तात्त्विक नव्हतं. एका शिकाऊ गृहस्थांना त्यांनी विचारलं होतं, "आरशात काय दिसतंय?" गृहस्थांनी आरसा हलवला, टक लावून पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "बाई, तुमचा पांढरा भांग." (मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्यानं वेळेवर ब्रेक लावला, त्याबद्दल त्याचे आभार.) त्याच संध्याकाळी बाईंनी रंगाचा वाडगा, ब्रश आणि डागाळलेले हातमोजे कचऱ्यात टाकले. पुढच्या रविवारी, जो एरवी डोक्याला पिशवी बांधून बसण्यात जायचा, बाई दुपारभर झोपल्या.

पुढचे काही महिने डोकं दुरंगी होतं. मग पार्लरवालीनं दुखवट्याला आल्यासारखा चेहरा करून उरलेलं काळं कापून टाकलं. नवऱ्याला टक्कल असल्यामुळे या विषयात मतदानाचा हक्क नव्हता. "छान दिसतंय" एवढं निवेदन करून त्यानं वर्तमानपत्र पुन्हा वर धरलं.

हरकत घेतली ती आईनं.

वडील गेल्यापासून आई बाईंकडेच राहायची. ती चौऱ्याहत्तर वर्षांची असून तिचे केस काळेभोर होते (भुवया त्याहून काळ्या). रोज सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या मंडळींपुढे तिनं आपलं वय बासष्ट असल्याचं जाहीर केलं होतं. मंडळींनी ते एकमतानं मंजूर केलं होतं, कारण प्रत्येकाचाच असा एखादा ठराव विचाराधीन होता.

"तू पांढरी झालीस, आता माझं काय?" आई म्हणाली.

"तुझं काय? तू माझी आई."

"तेच तर! आजवर तू चाळिशीची म्हणून खपत होतीस. आता लोक हिशेब करतील. बासष्टातून एक्कावन्न गेले की राहिले अकरा. अकराव्या वर्षी मूल झालं, असं सांगत फिरू बागेत?"

"मग खरं वय सांगून टाक ना."

"आणि इतक्या वर्षांची अब्रू?"

लवकरच आईचा गुडघा धरला आणि बाईंना तिला गाडीनं बागेत सोडावं लागलं. फिरायला येणाऱ्या बायकांचा घोळका फाटकाशीच उभा होता. "या कोण?" एकीनं विचारलं.

"माझी ताई," आई म्हणाली. पापणीसुद्धा लवली नाही.

घोळका लगेच अदबीनं बाजूला झाला. एका काठीवाल्या आजोबांनी उठून बाईंना बाकावर जागा दिली. बाई बसल्या. दुसरं काही सुचलंच नाही.

परतताना गाडीत त्यांच्या संयमाचा बांध फुटला. "आई, मी तुझी ताई?"

"मग काय करू? तूच वयानं पुढे निघून गेलीस."

बाईंना आधी हसू आलं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मात्र कळलं, की आपल्याला लागलंय. म्हातारी ठरवल्याचं नव्हे. आईनं सख्ख्या लेकीला दोन शब्दांत निकालात काढलं होतं, त्याचं.

त्यानंतर आठवड्यानं बागेतले एक निवृत्त मोजणी अधिकारी घरी आले. कडक इस्त्रीचा शर्ट, काळेभोर केस. कानांमागे मात्र रंग पोचायचा राहिला होता. ते सोफ्याच्या कडेवर बसले.

"आपण मोठ्या, म्हणून आधी आपल्याला विचारतो," ते म्हणाले. "धाकट्या बहिणीला रविवारी नाटकाला नेलं तर आपली हरकत नाही ना?"

"आपलं वय?" बाईंनी विचारलं. पोटच्या पोरीसाठी आलेल्या स्थळालाही कुणी इतक्या करड्या आवाजात विचारलं नसतं.

"चौसष्ट," मोजणी अधिकारी म्हणाले. (जमिनीच्या मोजणीत ते चोख होते, असं सांगतात.)

बाईंनी मान वळवली. आतल्या दारात आई उभी होती. नवी साडी, हातात रुमालाचा बोळा, आणि निकालाच्या दिवशी शाळकरी मुलीचा असतो तसा चेहरा. वडील गेल्यापासून तो चेहरा बाईंनी पाहिला नव्हता. 'ही माझी आई आहे' एवढं एक वाक्य पुरे होतं. ते त्यांच्या जिभेवर आलंही होतं.

"नऊच्या आत घरी आणून सोडायचं," बाई म्हणाल्या.

"हो ताई," दोघंही एकदम म्हणाले.

रविवारी आई नाटकाला गेली. परतायला दहा वाजले आणि बाई तिला रागवल्या. आई खाली मान घालून गालात हसत होती.

वाचकांनी एव्हाना या मंडळींची खरी वयं बोटांवर मोजली असतील आणि थोडं हसूनही घेतलं असेल. आमची ना नाही. फक्त, आपल्याला कुणी वय विचारलं तर ते सांगून झाल्यावर आपण क्षणभर थांबतो, समोरचा "छे, वाटत नाही हं!" म्हणेल म्हणून. तो तसं म्हणत नाही, त्या दिवशी घरी आल्यावर आपल्या न्हाणीघराचं दार किती वेळ बंद असतं, हे आम्ही विचारलेलं नाही.